स्वगत म्हणजे कबुलीजबाब नव्हे

गेले काही आठवडे बडोद्यातल्या नाटकवेड्या मंडळींच्या फोनवर एक मजकूर फिरतो आहे. मलाच तो चार जणांनी पाठवला. सारांश असा: स्वगत ही जुन्या नाटककारांची पळवाट आहे. खऱ्या आयुष्यात कुणी असं एकट्यानं बोलत नाही. पात्राच्या मनातलं खरंखुरं प्रेक्षकाला सांगून टाकायची ती सोय, आणि तेवढा वेळ गोष्ट जागच्या जागी थांबते. हॅम्लेटचं ‘टू बी ऑर नॉट टू बी’ म्हणजे त्याच्या धरसोडीचं प्रदर्शन. ही सगळी इंग्रजांकडून आलेली रीत, आणि आधुनिक नाटकानं ती टाकून दिली हे बरंच झालं.

दांडिया बाजारात मी हौशी मंडळींच्या तालमी घेते. सध्या ‘मॅकबेथ’मधले काही प्रवेश बसवतोय. मजकूर वाचून मॅकबेथ करणाऱ्या मुलानं विचारलं, “काकू, मग हे लांबलचक स्वगत कशाला ठेवायचं? कापू या ना.” तेव्हा गप्प बसवेना.

इंग्रजांकडून आलेल्या रीतीचं आधी उरकते. संस्कृत नाटकाच्या कुठल्याही पोथीत ‘आत्मगतम्’ आणि ‘प्रकाशम्’ या सूचना पानापानावर दिसतात. आपल्या जुन्या छापील नाटकांतल्या कंसातल्या ‘स्वगत’ आणि ‘उघड’ त्यांच्याच लेकी. आत्मगत, आणि मंचावरच्या इतरांपासून लपवून बोलायचे अपवारित, जनांतिक हे प्रकार, यांची चर्चा भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक आठवा. मध्यरात्री चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडताना तो एकटाच बोलत असतो. भोक कमळासारखं पाडू की चंद्रकोरीसारखं? मापायची दोरी विसरली, तर गळ्यातलं जानवं काढून त्यानं मापतो. लोक या धंद्याला नीच म्हणतात हे त्याला ठाऊक आहे. मग स्वतःचं समाधान करतो: कुणापुढे हात जोडून चाकरी करण्यापेक्षा बदनामीतलं स्वातंत्र्य बरं, आणि झोपलेल्यांवर अश्वत्थाम्यानंही हात टाकला होताच की. भिंत फुटत जाते आणि ब्राह्मणाचा मुलगा स्वतःशी वकिली करत राहतो.

खऱ्या आयुष्यात कुणी असं बोलत नाही म्हणे. खऱ्या आयुष्यात कुणाच्या घराला तीनच भिंती नसतात, तरी नाटकात आपण ते चालवून घेतो. आणि खंडेराव मार्केटातून पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका मी रोज बघते. ओठ हलत असतात, भाजीवाल्याला द्यायचं राहिलेलं उत्तर चाललेलं असतं. माणूस स्वतःशी बोलतो, फक्त ते बोलणं चुरगळलेलं असतं. नाटककार त्याला इस्त्री करतो, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. स्वगतात पात्र खरं बोलतं, हा समज मजकूर लिहिणाऱ्याचा एकट्याचा नाही, शिकलेल्या लोकांचाही आहे. माझ्या मते सगळी गफलत इथेच होते.

‘ऑथेल्लो’मधला इयागो घ्या, सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा. तो प्रेक्षकांशी एकट्यानं किती वेळा बोलतो, आणि दर वेळी त्याचं कारण बदलतं. बढती कॅसिओला मिळाली ही सुरुवातीची तक्रार. मग ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी संबंध असल्याचा संशय, आणि त्यावर तोच म्हणतो की हे खरं की खोटं ठाऊक नाही, पण खरं धरूनच चालेन. पुढे तोच संशय कॅसिओवर. ज्याला आपल्या द्वेषाचं कारण माहीत असतं तो एक कारण सांगतो. इयागो कारणं शोधत फिरतो. आणि शेवटच्या अंकात ऑथेल्लो झोपलेल्या डेस्डिमोनाजवळ दिवा घेऊन येतो तेव्हा त्याच्या तोंडी न्यायाधीशाची भाषा असते: ही जगली तर आणखी पुरुषांना फसवेल. मत्सरानं जळणारा नवरा स्वतःला न्यायदेवतेची झूल पांघरतो आहे. तो खरं बोलतो असं मानलं तर ते स्वगत पोकळ होतं. तो स्वतःला फसवतो आहे हे ऐकू आलं की अंगावर काटा येतो.

आणि हे बडोदेकरांना सांगावं लागावं! 1919 च्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला तो आपल्याच गावात. गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, त्यांना तो बघायला मिळाला नाही. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. सुधाकर हुशार वकील, युक्तिवाद करणं हाच त्याचा पेशा. त्याच्या नाशाचं मूळ नाटकाच्या नावातल्या ‘एकच’ या शब्दात आहे. दारू सोडू न शकणारा माणूस स्वतःच्या मनाला जी सवलत देतो, ती या तीन अक्षरांत मावते. ते ‘एकच’ शब्दशः खरं मानणारा जगात कुणी नाही, म्हणणारासुद्धा नाही.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगते: स्वगत करताना डोक्यात दोघं हवेत. एक पटवणारा आणि एक न पटणारा. संघर्ष त्या दोघांत असतो.

गोष्ट थांबते या आरोपाला मॅकबेथच उत्तर देतो. ज्याला मारायचा बेत आहे तो राजा डंकन आत जेवतो आहे आणि यजमान त्याला पानावर सोडून उठून आला आहे. आपल्याकडे पाहुणा जेवत असताना यजमान उठत नाही, म्हणजे अर्धा गुन्हा इथेच झाला. पहिल्या वाक्यात तो खुनाला खून म्हणत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतो. सुरुवात हिशेबानं होते: पचेल का, उलटेल का. मग आठवतं की मी त्याचा आप्त, त्याचा सेवक, वर यजमान, मारेकऱ्याला दार लावून घ्यायचं सोडून सुरा मीच घेतलाय. आणि हिशेब करता करता त्याच्याच मनातून वाऱ्यावर स्वार झालेलं उघडं तान्हं मूल येतं, दयेचं. तो ठरवतो, नको. लगेच बायको येते, आणि तिला तो यातलं एकही कारण सांगत नाही. म्हणतो, राजानं नुकताच मान दिलाय, लोकांत नाव झालंय. खरी भीती लपवली म्हणूनच ती त्याला फिरवू शकते. स्वगत कापलं तर काय लपवलं ते कळणार कसं?

‘हॅम्लेट’मध्ये तर अख्खं नाटक एका स्वगतावर फिरतं. हॅम्लेटचा काका, राजा क्लॉडियस, गुडघे टेकून प्रार्थना करू बघतो. पण भावाचा खून करून मिळवलेलं राज्य आणि राणी ठेवून क्षमा मागायची कशी, इथे अडतो. मागून आलेला हॅम्लेट त्याला प्रार्थनेत मग्न समजतो आणि उपसलेली तलवार म्यान करतो. तो गेल्यावर राजा उठतो: शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. पुढचे सगळे मृत्यू या चुकलेल्या क्षणातून निघतात.

‘टू बी’बद्दल एकच सांगते. मूळ इंग्रजी काढून बघा, त्या अख्ख्या भाषणात ‘मी’ हा शब्द एकदाही नाही. ‘आपण’ आहे. बापाचा खून, आई, सूड, कशाचं नाव नाही. स्वतःच्या दुःखापासून इतका लांब जाऊन बोलणारा मुलगा धरसोड्या वाटत असेल, तर ऐकणाऱ्यानं पुन्हा ऐकावं.

आधुनिक नाटकानं स्वगत टाकलं, हे अर्धं खरं. बातम्या सांगायला वापरलेली स्वगतं गेली, बरं झालं. जुनी नाटकं वाचताना ती मलाही जड जातात. पण 1967 च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटूच्या खटल्यातल्या आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात, आणि बाकीचे सगळे गोठलेले असताना ती जन्माचं बोलते. त्यातलं एक अक्षर त्या कोर्टात कुणाला ऐकू जात नाही. तेंडुलकरांना तिथे दुसरं काहीही चाललं नसतं.

परवाच्या तालमीत त्या मुलाला विंगेत जेवायला बसवलं, खरं ताट देऊन. तो उष्ट्या हातानं उठून आला, बोलता बोलता दोनदा दाराकडे बघितलं, आणि ‘यजमान’ या शब्दावर हात पाठीमागे लपवला. मी सांगितलं नव्हतं. स्वगतातली एकही ओळ कापलेली नाही.