लोककथा लहान मुलांच्याच, असे म्हणणाऱ्यांनी जिवतीची कहाणी पुन्हा वाचावी

लोककथा आणि परीकथा प्रौढ वाचकांसाठी नव्याने लिहिणाऱ्यांच्या विरोधात एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या गोष्टी मुळात लहान मुलांच्या, निरागस आणि संस्कार करणाऱ्या, त्यांत वासना आणि क्रौर्य आजच्या लेखकांनी घुसडले, हे खूळ पश्चिमेकडून आले, मूळ कथेला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, ज्यांना स्वतःचे काही सुचत नाही तेच असले उद्योग करतात, आणि हे लेखन मुलांच्या हाती पडले तर काय होईल? पैठण-अंबाजोगाईकडच्या, एरवी डोळसपणे वाचणाऱ्या परिचितांनीही तो मला पाठवला, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी निरागसतेचे पाहू. आमच्या घरी श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लागे, त्यावर आघाडा-दूर्वांची माळ चढे, पुरणाच्या दिव्यांनी ओवाळणे झाले की आजी कहाणी वाचायला घेई आणि आम्ही पोरे फुटाण्यांच्या ताटावर डोळा ठेवून ऐकत बसू. त्या कहाणीत निपुत्रिक राणी पैसे देऊन सुईणीला फितवते. एका गरीब ब्राह्मणीचे बाळंतपण तिचे डोळे बांधून केले जाते, जन्मलेले मूल गुपचूप राजवाड्यात पोचते आणि तुला वरवंटा झाला असे त्या आईला सांगितले जाते. पुढे मूल मोठे होऊन राजा होतो. एके दिवशी त्याला एक बाई दिसते, तिच्यावर त्याचे मन जाते आणि रात्री तो तिच्या घरी निघतो. ती त्याची जन्मदाती असते. दारात बांधलेल्या वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो, वासराला वाचा फुटते आणि ते आपल्या आईला विचारते की हा कोण पापी. गाय उत्तर देते, की जो स्वतःच्या आईकडे जायला भीत नाही, तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिईल?

आजीने हे वाक्य कधी गाळले नाही, त्याच्यावरून घाईने पुढेही गेली नाही. ते आमच्या डोक्यावरून जाई आणि शेजारी बसलेल्या सुवासिनींपर्यंत बरोबर पोचे. चोरलेले मूल, विकत घेतलेली सुईण, वरवंट्याकडे पाहत राहिलेली बाळंतीण आणि आईवर पडलेली मुलाची नजर, हा सगळा ऐवज कोणा आधुनिक लेखकाने बाहेरून आणून टाकलेला नाही. तो पुरणाच्या दिव्यांच्या उजेडात, देवघरासमोर, मोठ्याने वाचला जात आला आहे. (जाता जाता: जिच्या नावाने हा कागद लागतो त्या जरा-जिवंतिकांपैकी जरा ही महाभारतात राक्षसी आहे, जन्मतः दोन शकले असलेल्या जरासंधाला तिनेच सांधले. मुलांच्या रक्षणासाठी राक्षसीला भिंतीवर बसवणारी परंपरा निरागस नसून फार जाणती आहे.)

हीच गोष्ट भारुडाची. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात भवानीआईला रोडगा कबूल करणारी बाई सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे मूल आणि शेवटी नवरा अशा सगळ्यांचा बंदोबस्त देवीकडे मागते आणि ‘एकलीच राहू दे मला’ म्हणते. त्याचा आध्यात्मिक अर्थ आहेच, पण समोरच्या बायका आधी हसतात ते कशाला, हे समजायला अध्यात्म लागत नाही. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ तर लग्नानंतर, रात्रीचा, दिवटीच्या उजेडात संबळ-तुणतुण्यावर रंगतो. देवदेवतांच्या आवाहनाचा पूर्वरंग ओलांडून गोंधळ आख्यानाकडे सरकतो तेव्हा घरातली मुले केव्हाच झोपलेली असतात आणि जागे असतात ते थोरच.

आता पश्चिमेचे. येथे मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी उलटी बाजू धरली आहे, कारण परीकथा म्हणजे मुलांचे वाङ्मय ही समजूतच मुख्यतः युरोपात घडली, आणि तिचे घडणे छापील आवृत्त्यांतून पावलोपावली दिसते. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने 1697 मध्ये छापलेल्या लाल टोपडेवालीच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. खाली पद्यात तरुण मुलींना गोडबोल्या पुरुषांपासून सावध केलेले आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंचा पहिला खंड 1812 मध्ये आला, त्यात मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आपले कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले असे भाबडेपणाने विचारते आणि ती गरोदर असल्याचे त्यावरून कळते. हे मुलांना योग्य नाही अशी टीका झाली. नंतरच्या आवृत्त्यांत तिच्या तोंडचा प्रश्न बदलला, हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी सख्खी आई सावत्र झाली, आणि 1825 मध्ये निवडक 50 गोष्टींची छोटी आवृत्ती निघाली. 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत हे काम चालूच होते. म्हणजे ज्याला आपण मूळ मानतो तो बहुधा असा घासूनपुसून ठेवलेला पाठ असतो. पुनर्कथन आधी मुलांसाठी झाले. आजचा लेखक प्रौढांसाठी लिहितो तेव्हा तो पुष्कळदा जुन्या घराच्या बंद खोलीचे दारच उघडत असतो.

मूळ कथेला हात लावू नये, हा मुद्दा मराठवाड्यातून मांडला जावा याचे मला विशेष वाटते. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. तिथल्या सातवाहन राजाची राणी जलक्रीडेत ‘मोदकैः’ (मा उदकैः) म्हणाली, म्हणजे मला पाण्याने मारू नकोस. संस्कृतात कच्च्या राजाने लाडू मागवले आणि फजिती झाली. त्यातून राजाला संस्कृत शिकवण्यावरून लागलेल्या पैजेत हरलेल्या दरबारी पंडित गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडली व ‘पैशाची’ नावाच्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रक्ताने लिहिली, अशी आख्यायिका आहे. राजाने ती नाकारल्यावर तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत आगीत टाकत गेला आणि राजा धावत आला तेव्हा एकच लाख उरले होते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी वस्तुस्थिती अशी की बृहत्कथेचा मूळ पाठ आज उपलब्धच नाही. ती आपल्याला भेटते ती अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने सूर्यमती राणीसाठी रचलेल्या कथासरित्सागरात, क्षेमेंद्राच्या बृहत्कथामंजरीत, बुधस्वामीच्या श्लोकसंग्रहात आणि नायकच बदलून वसुदेवाला पुढे आणणाऱ्या जैन वसुदेवहिंडीत. हात लावू नये हा नियम पाळला गेला असता तर पैठणच्या त्या ग्रंथाची एक ओळही उरली नसती.

स्वतःचे काही सुचत नाही, या शेऱ्याला एक उदाहरण पुरे. वेताळाने विक्रमाला विचारले की दोघांची मुंडकी अदलाबदल झाली तर बाईचा नवरा कोणता. ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके तो, असे उत्तर राजाने दिले. जर्मन कादंबरीकार टोमास मान यांनी, आणि त्यांच्या वाटेने पुढे गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ नाटकात, ते उत्तर मिळाल्यानंतर त्या बाईचे काय झाले असे विचारले. जुनी गोष्ट हाती असताना नवा प्रश्न सुचणे हीदेखील प्रतिभाच.

एक मात्र मान्य केले पाहिजे. अलीकडची बरीच पुनर्कथने मलाही कंटाळवाणी वाटतात. राक्षसिणीला बिचारी करायचे, राजपुत्राला खलनायक करायचे, मधे दोन शय्यादृश्ये टाकायची की झाले, असा एक साचा रूढ होतो आहे. त्याहून गंभीर दोष हा, की कथा ज्या गोंधळ्याकडून, देवीची गाणी गाणाऱ्या आराध्याकडून किंवा जात्यावरच्या बाईकडून आली तिचा उल्लेख पुस्तकात कुठेच नसतो. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संभाजीनगरच्या अभ्यासकाने लोककलावंतांच्या पालापर्यंत जाऊन आयुष्यभर काम केले. त्या कामावर उभे राहून ऋण न मानणे हा अप्रामाणिकपणा आहे. पण ही तक्रार वाईट लेखनाबद्दल आहे, प्रौढांसाठी लिहिण्याबद्दल नाही.

राहता राहिली मुलांच्या हाती पडण्याची भीती. ज्यांना ती खरोखर वाटते त्यांनी येत्या श्रावणात आधी कहाण्यांच्या पुस्तकाचे काय करायचे ते ठरवावे. आमच्या घरी ते देवघराच्या खालच्या फळीवर, आरत्यांच्या पुस्तकाशेजारी असते, आणि तिथपर्यंत तिसरीतल्या मुलाचाही हात सहज पोचतो.