‘सात दिवस गॅप म्हणजे महिना पाण्यात’, हे गणित कुणी मांडलं?

गुरुवारी रात्री वहिनींचा मेसेज आला. ‘भावजी, मी नाव काढून घेते. हे वाचा.’ खाली तोच फॉरवर्ड: ‘पहिली मॅरेथॉन : सहा कटू सत्यं’. वर केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेचा फोटो, शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला तो तीन ग्रुपांवर आला होता आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता सोडून दिला होता. आता घरातच शिरला म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी थोडी पार्श्वभूमी. वहिनी ४३ वर्षांच्या, ठाण्याला राहतात, बँकेत नोकरी. जानेवारीत मुंबईला पहिली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन पळायची म्हणून सप्टेंबरपासून सराव चालला होता. दोन वेळा २१ किलोमीटर झाले होते. ऑक्टोबरात डेंग्यू झाला आणि २३ दिवस पळणं बंद. फ्रीजवर १८ आठवड्यांचा तक्ता चिकटवलाय. त्यात आजारपणाच्या पहिल्या काही चौकटींत त्यांनी किलोमीटरच्या जागी प्लेटलेट्स लिहिल्यात, हजारांत: ८८, ६१, ४७, मग ७०. पुढच्या चौकटी कोऱ्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर उपवन तलावाला पाच किलोमीटर करायला गेल्या. ज्या वेगाला पूर्वी नाडी १४५ असायची तिथे घड्याळ १६८ दाखवायला लागलं. दोन किलोमीटरवर कठड्यावर बसल्या आणि रिक्षाने घरी आल्या. त्याच रात्री हा फॉरवर्ड.

‘सत्य’ पहिलं: सात दिवस गॅप म्हणजे एका महिन्याची मेहनत पाण्यात, आणि २१ दिवस गॅप म्हणजे शून्यापासून सुरुवात.

या हिशेबाने गणपतीत गावी जाऊन आलेला प्रत्येक कोकणी माणूस दरवर्षी नव्याने चालायला शिकत असेल. हे मोजून झालेलं आहे हो! १९८४ साली अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या सात जणांचा सराव ८४ दिवस पूर्ण थांबवला आणि मधे मधे त्यांना तपासलं. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्के उतरली. पुढे ५६ दिवसांपर्यंत उतरत उतरत ती १६ टक्क्यांवर आली आणि तिथेच थांबली. स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं तर ८४ दिवसांनंतरही तसंच होतं. म्हणजे शून्य कुठे आलंच नाही. ढोबळमानाने, आठ मिनिटांत किलोमीटर करणाऱ्याला २१ दिवसांनी साडेआठच्या आसपास लागतील.

ते सातच जण होते, सगळे तयार खेळाडू होते आणि त्यांना डेंग्यू झालेला नव्हता, हे मान्य. वहिनींचं थोडं जास्त गेलं असेल. डेंग्यूचा थकवा ताप उतरल्यावरही आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, हे ज्यांच्या घरी झालाय त्यांना सांगायला नको.

पण या अभ्यासातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग वेगळाच आहे. सुरुवातीची घसरण मुख्यतः कशामुळे? हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झाल्यामुळे. पळणं थांबलं की अंगातलं एकूण रक्तच थोडं घटतं, विशेषतः त्यातला पातळ भाग. मग तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला ठोके वाढवावे लागतात. घड्याळावरचे १६८ आले ते बहुधा इथून. वहिनींनी तो आकडा ‘आपल्याच्याने होणार नाही’ असा वाचला. खरं तर तो ‘टाकी जरा खाली आहे, हळू चालवा’ एवढंच सांगत होता. आणि रक्ताचा हा पातळ भाग सराव सुरू झाला की सगळ्यात आधी भरून येतो, त्याला महिने लागत नाहीत. आत्मविश्वास गेला तो त्या कठड्यावर, एक आकडा चुकीचा वाचल्यामुळे. फॉरवर्डने त्यावर शिक्का मारला.

गंमत म्हणजे त्याच १९८४ साली अमेरिकेच्या जोन बेनॉइटची ऑलिंपिक निवड शर्यतीच्या १७ दिवस आधी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती निवड शर्यत तिने जिंकली आणि पुढे लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णही. ती अव्वल खेळाडू, तिची बरोबरी कुणी करू नये. पण ‘सात दिवसांत महिना बुडतो’वाल्यांनी तिचा हिशेब लावून दाखवावा.

‘सत्य’ दुसरं: चुकलेले किलोमीटर पुढच्या पंधरवड्यात दुप्पट करून भरून काढा.

याने मात्र माझं डोकं फिरलं. वहिनींचे आठवड्याला ४० धरले तर हे त्यांना आजारातून उठल्या उठल्या ८० पळायला सांगताहेत. दम लवकर परत येतो; हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. दम आला म्हणून अंतर वाढवत जायचं आणि नडगीचं हाड चिरल्याचं एमआरआयमध्ये कळायचं, हे मी आमच्या ग्रुपमध्ये दोनदा पाहिलंय. चुकलेली शिकवणी भरून काढता येते, चुकलेले किलोमीटर येत नाहीत. त्या चौकटी सोडून द्यायच्या.

‘सत्य’ तिसरं: सरावात ४२ पळला नसाल तर उभंच राहू नका. बहुतेक नवख्यांच्या तक्त्यात सगळ्यात लांब रन ३० ते ३२ किलोमीटरचा असतो. पुढचं.

‘सत्य’ चौथं: जो चालला तो मॅरेथॉनर नाही. आणि फोटो किपचोगेचा! १० ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये हाच किपचोगे ३० किलोमीटरनंतर दुखण्यामुळे थांबला, प्रेक्षकांसोबत चालला आणि शर्यत सोडली. दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेला माणूस. फोटो लावण्याआधी निदान एवढं तरी बघायचं. ठरवून पळणं आणि ठरवून चालणं ही तर रीतसर पद्धत आहे. १९७२ चे ऑलिंपियन जेफ गॅलोवे यांनी ती हजारोंना शिकवली.

‘सत्य’ पाचवं: खऱ्या धावपटूला मोटिव्हेशन लागत नाही, तो फक्त उठतो आणि पळतो. बरं, यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. मूड येईल तेव्हा जाऊ म्हणणारा कधीच जात नाही, मीही त्यातलाच. पण फॉरवर्डमध्ये पुढे ‘कंटाळा आला म्हणजे तुमची लायकी नाही’ असं आहे. प्लेटलेट्स ४७ हजारांवर गेलेल्या बाईला लायकी विचारणारे हे कोण?

‘सत्य’ सहावं: तहान लागो न लागो, दर किलोमीटरला ग्लासभर पाणी प्याच. हे जिवावर बेतू शकतं, म्हणून थांबतो. २०० मिलिलीटरचा ग्लास धरला तर ४२ किलोमीटरला ८ लिटरच्या वर. हळू पळणाऱ्याला तेवढा घाम येतच नाही. जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर धोक्याच्या पातळीवर. यांत शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेले, ठळकपणे दिसले. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू यामुळेच गेली. तहान लागली की प्या.

वहिनींना शनिवारी उपवनला घेऊन गेलो. घड्याळ माझ्या खिशात ठेवलं. तीन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. कठड्याजवळ आल्यावर त्यांनी तिकडे बघितलं नाही, मीही काही बोललो नाही. चार किलोमीटर झाले. घरी येऊन त्यांनी तक्त्यात ४ लिहिलं, मग शेजारी बारीक अक्षरात ‘नाडी माहीत नाही’.

आज परत मेसेज होता: ‘भावजी, नाव काढायचं डिसेंबरच्या २८ किलोमीटरनंतर बघू. उद्या साडेपाचला या, उशीर करू नका.’