चारशे मीटर गप्पा

सध्या काय विणतेयस असं कोणी विचारलं की मी जरा सावधच होते, कारण खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग आधीचं झालं का? नाही झालं. सोफ्याच्या उशीमागे एक मोजा आहे, टाचेसकट पूर्ण, आणि त्याचा जोडीदार अजून लोकरीच्याच अवस्थेत आहे. एक शाल आहे, तिला मी मूड चांगला असतानाच हात लावते, कारण तिच्यात दर ओळीला जाळी, आणि मोजता मोजता कोणी "आई, टॉवेल कुठंय" म्हणून ओरडलं की टाका सुईवरून निसटून खाली शिडी लागते, मग क्रोशाची सुई घेऊन त्याला एकेक पायरी वर आणत बसा.

आणि मुलाचा स्वेटर. त्याची पाठ झालीय, पुढा अर्धा झालाय, बाह्या हवेत. या स्वेटरसाठी मी आधी चौकोनी नमुना विणला, धुतला, वाळवला, पट्टी लावून मोजला. १० सेंटिमीटरला २२ टाके हवेत, २० बसले तर २२० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटरचा सरळ ११० होतो, त्यामुळे याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. टाके अगदी २२ आले. ते आजही तेवढेच आहेत. मधल्या काळात मुलाचे खांदे मात्र वाढले, आणि त्याला कुठल्याच पॅटर्नमध्ये उपाय दिलेला नाही.

पण हे सगळं मजेचं आहे हो. दिवसभराचं आवरून झाल्यावर पाय वर घेऊन बसायचं आणि नुसत्या सुलट टाक्यांची लांबच लांब ओळ, डोक्याला काही कामच नाही, यासारखं सुख नाही. खरी डोकेदुखी विणण्याच्या आधीची. लडी.

चांगली लोकर बऱ्याचदा गुंडा होऊन येत नाही, पीळ घातलेल्या लडीत येते. दिसते फार गोड. पीळ सोडला की तिचं मोठं कडं होतं, दोन-चार जागी दोऱ्याने बांधलेलं, आणि गुंडा न करता तसंच विणायला घेतलं तर थोड्याच वेळात असा गुंता होतो की घरातली समजूतदार माणसंसुद्धा हळूच दुसऱ्या खोलीत जातात. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यांच्यावर लडी चढवता येते म्हणा, पण खुर्ची जागची हलत नाही, आपणच तिच्याभोवती घिरट्या घालायच्या. माणूस बरा. माणसाने काय करायचं, दोन्ही हात समोर धरायचे, अंगठे वर, आणि धागा ज्या बाजूने सुटतोय तो हात किंचित झुकवायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. बास.

नवऱ्याला हे जमत नाही. सुरुवात दणक्यात करतो, मग टीव्हीवर मॅच रंगात येते, हात आपोआप जवळ जवळ येत जातात आणि लडी मनगटावरून कोपरावर. कोणी आउट झालं तर विचारूच नका, दोन्ही हात हवेत, लोकर जमिनीवर.

राहता राहिला मुलगा. वय वर्षं सोळा. एरवी त्याचं माझ्याशी बोलणं "हं", "बघतो" आणि "माहितेय" यात आटपतं, आणि तेही फोनमधून मान वर न करता. पण लडी हातात चढवली की हात अडकले! फोन टेबलावर पडून गुरगुरतोय, हा नुसता बघतोय. पहिले पन्नासेक मीटर सुस्कारे. मग "किती राहिलंय?" शंभराच्या आसपास कुठल्यातरी सरांची नक्कल, ती मात्र हात न हलवता, फक्त भुवयांनी. आणि दोनशेच्या पुढे कधीतरी, माझ्याकडे न बघता, तो खरं काय ते बोलायला लागतो. कोणाशी वाजलंय, कुठला विषय अजिबात डोक्यात शिरत नाहीये, मित्रांनी ग्रुप केला आणि याला घेतलंच नाही. मी काही विचारत नाही, विचारलं की संपलं, मी आपली गुंड्याकडे बघून गुंडाळत राहते, फार तर हात जरा सावकाश चालवते.

मोज्यांची लोकर १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरते, हाताने गुंडाळायला पाऊण तास तरी लागतो. नणंद म्हणते, कशाला बारीक लोकरीत डोळे फोडतेस, जाड घे, दोन संध्याकाळींत टोपी तयार. होते की. पण जाड लोकर १०० ग्रॅमला शंभर-सव्वाशे मीटर, म्हणजे सुस्कारे संपून नक्कल सुरू होतेय तोवर लडी खलास. दुसऱ्या मोज्याची लडी तशीच ठेवून मी मधेच तिसरंच काहीतरी का सुरू करते, त्यात हेही एक कारण आहे. लडी कधी उघडायची हे घरातलं वातावरण बघून ठरवावं लागतं.

मध्ये नवऱ्याला दया आली. एक फिरकी मिळते, ती लडी धरते, आणि दुसरं हँडलवालं यंत्र दहा-पंधरा मिनिटांत गुंडा करून देतं, मागवू का म्हणाला. त्याचं लॉजिक असं की मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ सालीच काढलंय, म्हणजे माझं मुख्य काम चारशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेलं, मग गुंड्याच्या यंत्राने असं काय बिघडणार! मी घाईघाईने म्हटलं, नको, यंत्रावर गुंडा घट्ट होतो, लोकर ताणली जाते आणि विणून धुतलं की आकसते. घट्ट गुंडाळू नये हे अगदी खरं आहे. हँडल हळू फिरवलं तर काही होत नाही, हेही खरं आहे, पण ते सांगायची गरज वाटली नाही.

परवा नवी लडी आली. जाळीकामाची, एकदम बारीक, १०० ग्रॅमला ८०० मीटर. मुलाने येता-जाता ती टेबलावरून उचलली, लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"आठशे?"

"हं," मी म्हटलं.

"थांब मग, फोन चार्जिंगला लावून येतो."