पाकळ्या राहू द्या, आधी वजनकाटा आणा

शाळांमधल्या हातकागद कार्यशाळांबद्दल एकदा स्पष्ट लिहायलाच हवं. तयार लगद्याचा टब येतो, मुलं रांगेनं जाळी बुडवतात, वर गुलाबाच्या पाकळ्या पेरतात, फोटो निघतात आणि ‘विद्यार्थ्यांनी पुनर्वापराचे धडे गिरवले’ अशी ओळ शाळेच्या पेजवर चढते. मुलं हस्तकला शिकली, एवढंच खरं. तीही शिकावी, पण रद्दीचं पुढे काय होतं हे ज्या कामांतून कळतं, ती कामं कोणीतरी आधीच उरकून आणलेली असतात.

खरी सुरुवात निवडण्यापासून होते, आणि ती मुलांनीच करायची. आदल्या दिवशी वर्गातली रद्दी जमिनीवर ओता. वहीची आणि झेरॉक्सची पानं उत्तम. गुळगुळीत मासिकं बाजूला, कारण त्या चकाकीत मातीचा थर असतो आणि लगद्यात त्याचा नुसता गाळ होतो. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिक असतं. एटीएमच्या आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांवर रसायनाचा लेप असतो, त्या अजिबात नकोत. वर्तमानपत्र चालतं, पण त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असल्यानं कागद करडा होतो आणि लवकर पिवळा पडतो. स्टेपलरच्या पिना काढल्या नाहीत तर मिक्सरचं पातं जातं. अर्ध्या तासाच्या या निवडानिवडीनंतर मुलांना पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीबद्दल सांगा. कचरावेचकांची ही संघटना १९९३ साली उभी राहिली. मिसळलेला, ओला कागद निवडणं म्हणजे काय काम असतं, हे तेव्हा भाषणाशिवाय कळतं.

आता वजन. ए-फोरचं एक पान साधारण ५ ग्रॅमचं. अशी १५ पानं, म्हणजे ७५ ग्रॅम, बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवा. मिक्सरमध्ये एका वेळी दोन पानांचे तुकडे आणि अर्धा लिटर पाणी. थांबत थांबत अर्धा मिनिट पुरे. चमचाभर लगदा पाण्याच्या बाटलीत घालून हलवा आणि उजेडासमोर धरा. गुठळ्या दिसल्या तर अजून थोडं फिरवा. एकसारखं ढगाळ दिसलं की थांबा. जास्त फिरवला तर तंतू तुटून बारीक होतात, काही जाळीतून निसटतात आणि उरलेल्यातून पाणी लवकर निथळत नाही.

सगळा लगदा टबात घालून पाणी एकूण १५ लिटर होऊ द्या. साचा म्हणजे ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या) मापाच्या दोन लाकडी चौकटी. एकीवर नायलॉनची मच्छरजाळी ताणून ठोकलेली, दुसरी नुसतीच, ३ सेंमी उंचीची, तिच्यावर बसवायची. जाळी सैल राहिली तर कागद मध्ये जाड आणि कडेला पातळ होतो. निम्मे साचे इथेच फसतात.

टब हातानं ढवळा, कारण लगदा मिनिटभरात तळाशी बसतो. साचा तिरका आत घाला, पाण्याखाली आडवा करा आणि सरळ वर उचला. एकदा डावी-उजवीकडे, एकदा मागे-पुढे हलवा आणि थांबा. पाणी निथळून गेल्यावर मुलांना हमखास पुन्हा हलवावंसं वाटतं, आणि तिथेच कागदाला भेगा पडतात. एका उचलीत (वाळल्यावरच्या वजनानं) जेमतेम ५ ग्रॅम लगदा येतो, पण तो टबातून कमी होत जातो. पाचव्या कागदापर्यंत टबातला जवळपास पाव हिस्सा लगदा संपलेला असतो. म्हणून दर तीन-चार कागदांनंतर थोडा नवा लगदा घालावा लागतो. ‘माझाच कागद पातळ का?’ या प्रश्नाचं उत्तर हातात नसून टबात असतं. सातवीच्या गणिताच्या बाईंनी हा तास जरूर मागून घ्यावा.

वरची चौकट काढा आणि जाळी ओल्या सुती कापडावर एका कडेपासून टेकवत उलटी करा. मागून स्पंजनं पाणी टिपून घ्या आणि त्याच कडेपासून उचला. कागद जाळीलाच चिकटला तर बहुतेक वेळा खालचं कापड कोरडं असतं. कापडासकट थर रचा, दोन फळ्यांमध्ये घाला आणि वर चार-पाच विटा ठेवा. दाबताना चुकारपणा केला तर तंतू एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि कागद जाड पुठ्ठ्यासारखा पण पोचट होतो. वाळवायला काच किंवा गुळगुळीत फरशी. अर्धवट ओला सोलला की वळतो. (पर्यावरण दिन जूनमध्ये येतो म्हणून ऐन पावसात हा घाट घालू नये. दोन-दोन दिवस कागद वाळत नाही, वास मारतो, बुरशी धरते. दिवाळीनंतर करा.)

या कागदावर शाई फुटते. एक चमचा कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात शिजवून ती खळ वाळलेल्या कागदावर ब्रशनं लावली की लिहिता येतं. तुरटीचा सल्ला बरेच जण देतात, पण तिनं कागद आम्लधर्मी होऊन पुढे ठिसूळ होतो. पाकळ्या घालायच्याच तर झेंडूच्या घाला. गुलाबाच्या ओल्या लगद्यात तपकिरी पडतात.

बहुतेक कार्यशाळा इथे संपतात. त्यांनी अजून एक फेरी करावी. तयार झालेले निम्मे कागद पुन्हा भिजवा, पुन्हा मिक्सरमधून काढा, पुन्हा कागद करा. मग दोन्ही फेऱ्यांच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांना नाणी लटकवा. दुसरी पट्टी सहसा आधी तुटते. पात्यानं तंतू आणखी आखूड झालेले असतात. म्हणून तर आपल्याकडच्या हातकागदात होजिअरीच्या कापडाच्या चिंध्या वापरतात. कापसाचा तंतू लांब, कागद टिकाऊ. पुण्याची, १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था किंवा खुलताबादजवळचं हातकागदाचं गाव कागजीपुरा इथे सहल नेता आली, तर तिथला कागद फाडून त्याची कड उजेडात बघायला सांगा. शेजारी वर्तमानपत्राची फाटकी कड धरा.

एखादं चौकस पोरगं विचारणारच, की इतकं पाणी, इतकी वीज आणि हाती पंधरा पानं, मग हे परवडतं कसं? हा प्रश्न टाळू नका. टबात अशा पद्धतीनं ते परवडत नाही, हेच प्रामाणिक उत्तर. जुन्या वहीतली कोरी पानं शिवून नवी वही करायला दोरा आणि दाभण पुरतं. म्हणून तो तास कागद बनवण्याच्या आधी ठेवा.

उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. मलमलच्या कापडात गाळून गोळे वळा आणि कडक उन्हात वाळवा. पुढच्या खेपेला भिजवून चालतात. गाळलेलं पाणी पुढची रद्दी भिजवायला वापरा. वाळलेले कागद आणि गोळे यांचं एकत्र वजन करून ७५ ग्रॅममधून (नंतर नवा लगदा घातला असेल तर त्याच्या रद्दीचं वजन मिळवून) वजा करा, आणि ते गेलं कुठे हे शोधायला मुलांना टबाच्या तळाशी आणि जाळीच्या कोपऱ्यात हात घालू द्या.