गेमचा सर्व्हर आणि दंडावरचा सेन्सर

ऑगस्ट 2025 मध्ये भारतात ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याच दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, "झालं एकदाचं गेमिंग बंद, आता तरी पोरं अभ्यासाला बसतील". खाली पटापट अंगठे. मी इथे जर्मनीत ट्रेनमध्ये बसून तो वाचला आणि उतरेपर्यंत तिला उत्तर लिहीत होतो, कारण कायद्यात गेमिंग बंद असं कुठेही म्हटलेलं नाहीये. बंद झालेत ते पैसे लावून खेळायचे खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे पैशांचे व्यवहार. उलट ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात मान्यता मिळालीये. आणि पैसेवाले खेळ बंद झाले याचा मला मनापासून आनंद आहे, त्यात लोकांची घरं बसलीत, त्याला गेम म्हणणं हाच मुळात गेमवर अन्याय होता.

पण मावशीचा दोष नाही. आपल्याकडे गेमवरची चर्चा वर्षानुवर्षं एकाच खुंटीला बांधलेली आहे, गेम चांगला की वाईट, पोरगं बिघडतं की नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी आणि बाकी 117 अ‍ॅप्स बंद झाली तेव्हाही लोकांना वाटलं की व्यसनामुळे बंद केलं, प्रत्यक्षात सरकारने कारण दिलं होतं डेटा आणि देशाच्या सुरक्षेचं. म्हणजे प्रश्न सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात आहे हा होता आणि आपण बोलत राहिलो पोरांच्या डोळ्यांबद्दल.

इथेही हे सगळं होऊन गेलंय बरं का. 2002 साली एरफुर्टच्या शाळेत गोळीबार झाला त्यानंतर इथे 'किलरश्पीले' म्हणजे खुनाचे गेम या शब्दावर कित्येक वर्षं वाद चालला, माझ्यापेक्षा वयाने मोठे सहकारी अजून सांगतात की तेव्हा गेमर म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. एप्रिल 2003 पासून गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का कायद्याने बंधनकारक झाला, 0, 6, 12, 16, 18, आणि हळूहळू वाद निवला. गेमचा विकार असतोच, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या यादीत तो आहे, जानेवारी 2022 पासून ती लागू झाली, पण त्यात साधारण वर्षभर आयुष्य विस्कटलेलं असायला हवं अशी अट आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास खेळलं म्हणून तो विकार होत नाही. हे एकदा समजून घेतलं की पुढच्या प्रश्नाकडे जाता येतं, आणि मला खरं तर त्या पुढच्या प्रश्नाबद्दलच बोलायचंय.

द क्रू नावाचा गाड्यांचा गेम 2014 मध्ये आला होता. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सगळ्यांसाठी मेला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, कारण तो चालायलाही कंपनीचा सर्व्हर लागायचा. कपाटात डिस्क आहे, खोका आहे, पावती आहे, गेम नाही. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली. मागणी अगदी साधी, सपोर्ट बंद करायचा तर करा, पण जाताना गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. युरोपियन युनियनकडे त्यांनी नागरिकांचा अर्ज केला, त्याला 10 लाख सह्या लागतात आणि 2025 च्या उन्हाळ्यात तो आकडा पार झाला. मला सही करता आली नाही. टॅक्स इथे भरतो, गेम इथे विकत घेतो, पण सही फक्त युरोपियन नागरिकांना, पासपोर्ट भारताचा असेल तर नाही. त्या रात्री मी तो फॉर्म बराच वेळ उघडा ठेवून बसलो होतो. आणि मला एवढं लागायचं कारण द क्रू नव्हतं, तो तर मी धड खेळलेलोही नाही. कारण माझ्या दंडावर होतं.

मला टाइप वन डायबिटीस आहे. दंडावर सीजीएम म्हणजे सतत साखर मोजणारा सेन्सर, पोटाला इन्सुलिन पंप. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवतो आणि पंप त्यावर इन्सुलिन कमी-जास्त करतो. गेमरला हे समजावणं सोपं जातं कारण सगळे शब्द आपल्याच घरचे आहेत. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो, म्हणजे लॅग. साखर भराभर पडत असेल तर स्क्रीनवरचा आकडा हा तू मघाशी कुठे होतास ते सांगतो, आत्ता कुठे आहेस ते नाही. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर आहे, अपडेट आहे, सपोर्टेड फोनची यादी आहे, रीजन लॉक आहे, म्हणजे एका देशातली वस्तू दुसऱ्या देशात चालत नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. रँक्ड मॅच चालू होती. अटीतटीच्या मॅचमध्ये अ‍ॅड्रेनलिनमुळे माझी साखर आधी वर जाते, हे मला माहीत आहे, म्हणून मी थोडं इन्सुलिन घेतलं होतं. मॅच लांबली. नवीन ब्लूटूथ हेडफोन त्याच दिवशी फोनला जोडले होते आणि मग काढून टेबलावर ठेवले, कानात पीसीचे होते. हात थंड पडले, बोटं कीबोर्डवर नीट बसेनात, गेममधला नेम हलायला लागला आणि मला वाटलं दमलोय. शेजारी ठेवलेल्या त्या नव्या हेडफोनमधून खूप बारीक, डास गुणगुणल्यासारखा आवाज येत होता, तो माझा अलार्म होता. फोनने अलार्म तिकडे पाठवला होता. फोन उचलला तेव्हा आकडा 49, म्हणजे साखर धोक्याइतकी कमी, आणि खाली जाणारे दोन बाण. ग्लुकोजच्या गोळ्या खाऊन जमिनीवर बसून राहिलो, पंधरा-वीस मिनिटं नुसता बाण सरळ होण्याची वाट बघत, आणि टीममधली पोरं विचारत होती कुठे गेलास.

हे माझ्याच बाबतीत झालं असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी 2025 मध्ये खास सूचना काढली की डायबिटीसच्या उपकरणांचे फोनवरचे अलर्ट सेटिंगमुळे, ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटमुळे किंवा नवे ब्लूटूथ हेडफोन जोडल्यामुळे हुकतायत, सेटिंग तपासत राहा. तपासत राहा हे बरोबरच आहे. पण गेम बनवणाऱ्यांना विचारा, खेळाडूचा जीव शेवटच्या टप्प्यावर आला की स्क्रीनच्या कडा लाल होतात, कंट्रोलर थरथरतो, संगीत बदलतं, एक वाट बंद असली तरी दुसरीतून निरोप पोचतोच. द लास्ट ऑफ अस पार्ट टू मध्ये 2020 सालीच 60 हून जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग होती, ज्याला अजिबात दिसत नाही त्यालाही तो गेम पूर्ण करता येतो. हात नीट चालत नसलेल्यांसाठी 2018 मध्ये एक्सबॉक्सचा अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर आला. करमणुकीच्या वस्तूत एवढा विचार होतो, तर जिच्यावर जीव अवलंबून आहे तिच्यात तो निदान तेवढा तरी व्हावा, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

आता सर्व्हरच्या प्रश्नाकडे परत येतो. आर्गस टू नावाचं डोळ्यातलं इम्प्लांट होतं, चष्म्यावर कॅमेरा आणि आत रेटिनावर 60 इलेक्ट्रोडची पट्टी, अंध माणसाला उजेडाचे आकार दिसायचे. जगभरात 350 पेक्षा जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. कंपनीने 2019 मध्ये ते बनवणं थांबवलं, 2020 मध्ये कंपनी बुडायला आली, आणि लोक डोळ्यात सपोर्ट संपलेलं यंत्र घेऊन राहिले. बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नाही. द क्रूची डिस्क निदान कपाटात ठेवता येते.

आणि हे दोन प्रश्न मी ओढूनताणून जोडत नाहीये, कायद्यानेही ते एकदा शेजारी ठेवलेत. अमेरिकेत डिजिटल कुलूप तोडायला कॉपीराइट कायद्याने बंदी आहे, आणि दर तीन वर्षांनी त्यातून काही सवलती देतात. ऑक्टोबर 2015 च्या एकाच यादीत दोन सवलती होत्या, एक, कंपनीने सर्व्हर बंद केलेला गेम स्वतःपुरता चालू करून घेण्याची, आणि दुसरी, पेशंटला स्वतःच्या इम्प्लांटमधला स्वतःचा डेटा वाचण्याची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. स्वतःच्या शरीराचा आकडा वाचायला परवानगी लागते.

डायबिटीसवाल्यांनी मात्र परवानगीची वाट बघितली नाही, 2013 पासून त्यांचं घोषवाक्यच तसं आहे, आम्ही वाट बघत बसणार नाही. डेना लुईस नावाच्या बाईंची अडचण माझ्यासारखीच, सेन्सरच्या अलार्मने झोपेतून जाग यायची नाही. त्यांनी स्कॉट लीब्रँड यांच्याबरोबर सेन्सरचा डेटा बाहेर काढून मोठा अलार्म केला, मग पुढचा अंदाज, मग पंपच त्याला जोडला, आणि 2015 मध्ये ओपनएपीएस म्हणून सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. हे मॉडिंग आहे हो, विकत घेतलेल्या गेममध्ये आपण स्वतः बदल करतो तेच. गंमत बघा, त्यांना लागायचे जुने पंप, ज्यांत बाहेरून कमांड घेता येईल अशी फट होती, आणि 2019 मध्ये एफडीएने तशाच जुन्या पंपांबद्दल हॅक होऊ शकतात म्हणून इशारा दिला. दोन्ही खरं आहे. माझ्या पंपात कोणी तिऱ्हाईताने घुसू नये असं मला वाटतंच, पण चावी फक्त कंपनीकडे असणं म्हणजे सुरक्षा असं मला पटत नाही, एक चावी माझ्याकडेही हवी. आणि ते जमतं, अशाच घरगुती कोडमधून तयार झालेल्या टाइडपूल लूप या पंप आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला जानेवारी 2023 मध्ये एफडीएने रीतसर मान्यता दिली.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही. 2016 पासून दिवसातून अनेकदा किंवा पंपाने इन्सुलिन घेणाऱ्यांचा सेन्सर इथला सरकारी विमा देतो, 2020 पासून डॉक्टर चक्क अ‍ॅप लिहून देतात आणि त्याचेही पैसे विमा भरतो, हे मोठं आहे आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे, कारण भारतात याच आजाराच्या बहुतेकांना ते खिशातून भरावं लागतं. पण दुरुस्तीच्या हक्काचा जो कायदा युरोपने 2024 मध्ये केला त्यात वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, फोन आहे, इन्सुलिन पंप नाही. आणि भारतात डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या, तिथेही वैद्यकीय उपकरणं नाहीत. दोन्हीकडे नेमकं तेच सुटलंय. भारताला हे जमणार नाही असं मात्र कोणी म्हणू नका, फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली ती आपणच, एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं, त्यात सॉफ्टवेअरही, औषध कायद्याखाली आणली तीही आपणच. तिथेच एक अट घाला ना, अंगावरचं यंत्र कंपनीच्या सर्व्हरशिवाय चाललं पाहिजे, आणि कंपनी निघून गेली तर त्याचं कुलूप उघडून गेली पाहिजे.

गेल्या वेळी घरी आलो तेव्हा माझे दोन सेन्सर एकापाठोपाठ निकामी झाले. भारतात तोच सेन्सर मिळाला, तसाच खोका, तेच नाव, दंडाला लावला, आणि अ‍ॅपने सांगितलं की हा सेन्सर या रीजनचा नाही. मावशीचा नातू, माझा भाचा, शेजारी बसला होता. तेरा वर्षांचा. तो लगेच म्हणाला, "मामा, रीजन लॉक आहे हा, गेमला असतो तसा. पण गेम नाही चालला तर दुसरा खेळता येतो ना". घरातल्या कोणाला जे समजावायला मला अर्धा तास लागला असता ते त्याला एका स्क्रीनवरून कळलं, कारण तो गेम खेळतो. मावशी हे ऐकत होती, तिने विचारलं, म्हणजे साखर किती आहे ते तुला आता कळणारच नाही का. कळेल, म्हटलं, पण बोट टोचून, आणि पंप आपोआप काही करणार नाही.

मग पुढचे नऊ दिवस मी मॅन्युअल मोडवर काढले, रात्री तीनचा गजर लावून. दुसऱ्या रात्रीपासून मावशीच उठायला लागली, मला उठवायची, दिवा लावायची, आणि माझ्या मशीनवरचा आकडा स्वतः वाचून भाच्याच्या वहीत लिहून ठेवायची.