दारात बसलेली राणी

कोरियन मालिका बघणाऱ्या माझ्या मैत्रिणींना राणी नोगुक माहीत असते ती राजाच्या प्रेमापुरती. ती गेली, राजा वेडापिसा झाला, त्याने तिची भव्य समाधी बांधली, संपलं. मला हे फार खटकतं.

नोगुक मंगोल होती. मूळ नाव बुदाशिरी, तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या युआन राजघराण्यातली लेक. गोर्योचा, म्हणजे तेव्हाच्या कोरियाचा, राजपुत्र कोंगमिन युआन दरबारात ओलिसासारखा राहत होता, तिथेच त्यांचं लग्न झालं. १३५१ मध्ये तो राजा झाला आणि ती सासरी आली. ज्या सत्तेने हे सासर दाबून ठेवलं होतं, ती सत्ता म्हणजे तिचं माहेर! आणि नवऱ्याने काय करावं? मंगोल वेष टाकला, १३५६ मध्ये युआन सम्राज्ञीच्या भावाला संपवलं, उत्तरेचा गेलेला मुलूख परत घेतला. तरी ही बाई त्याच्याच बाजूला उभी.

१३६३ ची ती रात्र तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हंगवांग मठात मारेकरी शिरले. एका सेवकाने राजाला पाठीवर घेऊन आतल्या खोलीत नेलं, तिथे तो पांघरुणाखाली लपला. आन दो-ची नावाचा दुसरा सेवक चेहऱ्याने राजासारखा. तो राजाच्या अंथरुणावर निजला आणि मारला गेला. आणि नोगुक? ती त्या खोलीच्या दारातच बसली. युआनच्या राजकन्येवर तलवार उगारायची कोणाची छाती झाली नाही. माहेरचं नाव तिने नवऱ्यासाठी ढालीसारखं वापरलं, असंच मी म्हणेन.

दोनच वर्षांनी, १३६५ मध्ये, बाळंतपणात ती गेली. मूलही नाही.

राजाने स्वतः तिचं चित्र काढलं, त्याच्यासमोर बसून जेवायचा. आजच्या उत्तर कोरियातल्या केसाँगजवळ डोंगरउतारावर दोन गोल टेकाडं शेजारीशेजारी आहेत, भोवती दगडी वाघ आणि मेंढ्या. एक तिचं, दुसरं त्याचं. आतल्या दोन दालनांमध्ये एक छोटं भोक ठेवलंय, आत्म्यांना जायला-यायला. हे वाचून माझाही गळा दाटतो. पण तिच्या स्मृतिमंदिरासाठी लोकांना वेठीला धरलं गेलं, दरबाऱ्यांनी विरोध केला तरी राजाने ऐकलं नाही, हेही प्रेमकथेच्या नादात गाळू नका. १३७४ मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला मारलं.

पुढे गोर्यो उलथवून आलेल्या जोसोन घराण्याच्या सोलमधल्या पूर्वजमंदिरात, जोंगम्योमध्ये, कोंगमिनचं एक लहानसं देऊळ आहे. आतल्या चित्रात तो एकटा नाही, नोगुकही आहे.