भिंतीपलीकडचा केनी

शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या घरी अमेरिकेतली लग्नं जुळायला लागतात. बायको नेटफ्लिक्सवरच्या 'लव्ह इज ब्लाइंड' ह्या रिअ‍ॅलिटी शोचा 2020 सालचा पहिला सीझन पुन्हा बघतेय. आई मेथी निवडत बघते. मी दोघींच्या मधे बसतो, कारण सोफ्यावर तेवढीच जागा उरते.

कार्यक्रम असा की अटलांटातली लग्नाळू मंडळी दहा दिवस छोट्या खोल्यांत बसून भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलतात. तोंड बघायचं नाही. हातात सोनेरी पेला, डोळ्यांत पाणी. लग्नाची मागणीसुद्धा भिंतीलाच घालायची. मग दर्शन, मग मेक्सिकोची सहल आणि चारेक आठवड्यांत थेट बोहला. आमचं उलटं होतं. 2004 साली साताऱ्यात मुलगी समोर दिसत होती, पण बोलायची सोय नव्हती. मधे तीन काका आणि एक आत्या अशी भिंत. शेवटी "जा, गच्चीवर बोला जरा" म्हणून पाठवलं, तेव्हा मी विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

तर केली आणि केनी. मोठी समजूतदार जोडी. आदळआपट नाही, रुसवेफुगवे नाहीत. केलीचं म्हणणं एवढंच की केनीवर जीव आहे, पण त्याचं वेड लागत नाही. ती ओढच वाटत नाही.

आईची मेथी थांबली. "म्हणजे मित्रासारखा आहे ना? मग चांगलंच की! वेड घेऊन काय करायचंय?"

इथे बायकोनं केलीला उघड्या तोंडानिशी पॉजवर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "तुला मी आधी मैत्रीण वाटले होते, का ते दुसरं?"

मैत्रीण म्हणावं, तर वीस वर्षांच्या संसारावर 'नुसती मैत्रीण' असा शिक्का. ते दुसरं म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयारच: मग आता कुठे गेलं? शिवाय आईच्या देखत ते कोणत्या तोंडानं बोलायचं? लहानपणी टीव्हीवर असलं काही आलं की बाबा उठून बातम्या लावायचे. मी रिमोटकडे हात नेला. तिनं तो उशीखाली सारला.

"दोन्ही," मी म्हणालो.

"एकदम?"

"आलटूनपालटून."

आई खाकरली. ओढ भिंतीतून कळत नाही हे मला मान्य आहे, पण गच्चीवरच्या अकरा मिनिटांत तरी कुठे कळते? मी डाव उलटवला. "आणि तुला काय वाटलं होतं?"

ती जरा विचारात पडली. "मला वाटलं, ह्याला पाण्याची फार काळजी आहे. पिंप भरून ठेवेल."

आणि केली पुन्हा बोलायला लागली.

पुढे केलीनं ऐन लग्नात नकार दिला. त्यातलीच दुसरी जोडी, लॉरेन आणि कॅमेरॉन, मात्र बोहल्यावर चढले, सुखानं नांदतायत. पण त्यांचं आईला काहीच नाही. तिचा जीव केनीत अडकलेला. रविवारी सकाळी ती मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, भरल्या मांडवात नाही म्हणाली! पोरगा इतका गुणी!"

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. आईनं फोनवर हात ठेवून मला हाक मारली.

"अरे, हॉलचं डिपॉझिट परत मिळालं का, विचारतेय."